अख्खा संच घ्यायचाच का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात "इतिहास-अर्थशास्त्राची जाडजूड इंग्रजी पुस्तकं सुरू कुठून करायची" यावर चार ओळी खरडल्या होत्या, सहज म्हणून. त्यावर एवढी पत्रं, मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, त्यातली सात निवडलीत. एकाच घरातून दोघांनी विरुद्ध प्रश्न विचारलेत असंही एक प्रकरण आहे, ते पुढच्या वेळी.

प्रश्न : मुलगी एमए इतिहास करतेय. तिचे सर म्हणाले सुटी पुस्तकं वाचत बसू नको, चांगल्या "सिरीज" धर. दुकानात विचारलं तर त्यांनी डायरेक्ट पूर्ण सेटची किंमत सांगितली, ऐकून मी खुर्चीच धरली. सिरीज म्हणजे नक्की काय आणि सगळी घ्यावीच लागते का? (एक आई, गंगापूर रोड)

ताई, आधी पर्स बंद करा. दुकानदाराची चूक नाही, तो सेटच विकणार, पण सर म्हणाले ते वेगळं आणि दुकानदाराला कळलं ते वेगळं.

सिरीज म्हणजे एका प्रकाशनाने, एका किंवा चार-पाच संपादकांच्या नजरेखाली, एका विषयावर वर्षानुवर्षं काढत राहिलेली पुस्तकं. नजर हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण कुठलं हस्तलिखित आत घ्यायचं, कुठलं परत पाठवायचं, कुणाला कुठलं प्रकरण पुन्हा लिहायला लावायचं हे ते संपादक ठरवतात, म्हणून सिरीजचं नाव बघून माणूस थोडा भरवसा ठेवतो. पण सगळ्या सिरीज एका साच्यातल्या नसतात आणि गोंधळ तिथंच होतो. उदाहरणार्थ "न्यू केंब्रिज हिस्टरी ऑफ इंडिया" घ्या. नाव ऐकून वाटतं एकच ग्रंथ, बरेच खंड. प्रत्यक्षात त्यातलं प्रत्येक पुस्तक एकेका लेखकाचं, स्वतंत्र, स्वतःच्या पायावर उभं. स्ट्युअर्ट गॉर्डन यांचं मराठ्यांवरचं १६०० ते १८१८ या काळाचं पुस्तक १९९३ चं, त्याच वर्षी टॉमलिन्सन यांचं १८६० ते १९७० या काळातल्या भारतीय अर्थव्यवस्थेवरचं, स्वातंत्र्यानंतरच्या राजकारणावर पॉल ब्रास यांचं १९९० चं. यातलं एक वाचलं नाही म्हणून दुसरं अडत नाही. मुलीचा पेपर आधुनिक अर्थव्यवस्थेचा असेल तर टॉमलिन्सन एकटा पुरे, आणि ते पुस्तक बारीकही आहे.

उलट "केंब्रिज इकॉनॉमिक हिस्टरी ऑफ इंडिया" हे दोन खंडांचं, पहिला १९८२, दुसरा १९८३. इथं प्रत्येक प्रकरणाचा लेखक वेगळा. हे सलग वाचायला गेलात तर चौथ्या प्रकरणापर्यंत झोप लागेल, हे प्रकरण निवडून वाचायचं असतं. आणि यात एक गंमत आहे जी मी वर्गात दर वर्षी सांगायचो. पहिल्या खंडाचे संपादक तपन रायचौधुरी आणि इरफान हबीब. दुसरा खंड, म्हणजे इंग्रजी राजवटीचा, धर्मा कुमार यांनी मेघनाद देसाईंच्या सोबतीने केला. तो बाहेर आल्यावर त्याच्यावर सगळ्यात कडक लेख लिहिला तो हबीब साहेबांनीच, की वसाहतीच्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास केलाय पण वसाहतवाद मात्र दिसलाच नाही यांना! म्हणजे पहिल्या मजल्याच्या मालकानेच दुसरा मजला वाकडा बांधलाय म्हणून सांगितलं. मुलीला म्हणावं दुसरा खंड वाच आणि लगेच हबीबचा लेख वाच, दोन संध्याकाळी जातील पण अख्ख्या सेमिस्टरचं काम होईल.

तिसरा प्रकार म्हणजे भांडायलाच काढलेली सिरीज. "सबाल्टर्न स्टडीज", म्हणजे तळागाळातल्या लोकांचा अभ्यास, १९८२ ला सुरू झाली, पहिले सहा खंड रणजित गुहा यांनी संपादित केले आणि २००५ पर्यंत बारा खंड झाले. पहिल्याच खंडात गुहांनी म्हटलं की आपला राष्ट्रवादाचा इतिहास साहेबांनी लिहिला तो साहेबांचा आणि पुढाऱ्यांनी लिहिला तो पुढाऱ्यांचा, शेतकरी-आदिवासी त्यात स्वतःच्या डोक्याने काही करताना दिसतच नाहीत. ही सिरीज मात्र पहिल्या खंडापासून क्रमाने चाळली तर मजा आहे, कारण पुढेपुढे ती स्वतःच बदलत जाते, शेतातून निघून भाषेत आणि ग्रंथात शिरते, मला व्यक्तिशः पहिले चारच जास्त आवडतात.

आता हातात पुस्तक आल्यावर करायचं काय. कव्हर बघू नका. शीर्षकाचं पान उलटा, त्याच्या मागे बारीक अक्षरात सिरीजचं नाव, संपादकांची नावं, आणि बहुतेक वेळा शेवटी "या मालिकेतली इतर पुस्तकं" अशी यादी असते. त्या यादीचा फोटो काढून मुलीला पाठवा, हीच तिची वाचनयादी. फोटो फुकट आहे. आणि मग सार्वजनिक वाचनालयात जा, १८४० पासून चालू आहे ते, नाशिककरांनी वर्गणी भरून पुस्तकं न नेण्याची परंपरा आता मोडायला हरकत नाही.

प्रश्न : नोट प्रेसमधून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. आयुष्यभर नोटा छापल्या पण रुपयाचा इतिहास कधी वाचला नाही. नातू म्हणतो बाबासाहेबांच्या पुस्तकावरून रिझर्व्ह बँक निघाली. खरं का? आणि मला झेपेल असं काही आहे का? (नाशिक रोड)

काका, तुमच्या पत्राने दिवस चांगला गेला. आपल्या नोटा आधी इंग्लंडहून छापून यायच्या, १९२८ पासून नाशिकला छापायला लागले, म्हणजे रिझर्व्ह बँक जन्माला यायच्या सात वर्षं आधी. तुमची प्रेस बँकेपेक्षा वयाने मोठी. हे नातवाला आधी सांगा, मग पुढचं.

आता त्याचं म्हणणं. बाबासाहेबांचं "द प्रॉब्लेम ऑफ द रुपी" १९२३ ला लंडनला छापलं गेलं. त्यात त्यांनी सरळ केन्ससारख्या बड्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाशी वाद घातला. केन्स तेव्हा सोने-विनिमय पद्धतीच्या (रुपया थेट सोन्याला न बांधता ठरलेल्या दराने पौंडाला बांधायचा, अशी ती) बाजूचे, आणि बाबासाहेबांचं म्हणणं असं की या पद्धतीत रुपये किती पाडायचे याला सरकारवर लगामच राहत नाही, आणि रुपया वाढला की भाव चढतात, झळ बसते गरिबाला. पुढे रुपयाच्या चलनाचा विचार करायला हिल्टन यंग कमिशन आलं, त्याच्यापुढे त्यांनी साक्ष दिली. कमिशनचा रिपोर्ट १९२६ चा, त्यात मध्यवर्ती बँक काढा अशी शिफारस होती, १९२७ ला बिल आलं ते बारगळलं, मग कायदा १९३४ ला झाला आणि १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू. एवढा सगळा रस्ता आहे मधे. म्हणून "पुस्तकावरून बँक निघाली" हे व्हॉट्सअपला शोभतं, पण "ज्या वादातून बँक निघाली त्या वादात एक तिशीतला माणूस केन्सला उलटं बोलत होता" हे जास्त भारी नाही का? मला तरी वाटतं.

झेपण्याबद्दल. रिझर्व्ह बँकेने स्वतःचा इतिहास खंडाखंडाने काढलाय. पहिला खंड १९३५ ते १९५१, तो छापला १९७० ला. दुसरा १९६७ पर्यंत, तिसरा १९८१ पर्यंत, चौथा १९९७ पर्यंत, आणि पाचवा २००८ पर्यंत येतो. पहिल्या चार खंडांचे पीडीएफ बँकेच्या साईटवर फुकट आहेत. इंग्रजी आहे, पण ऑफिसची इंग्रजी, तुम्ही आयुष्यभर सर्क्युलरं वाचलीत तीच भाषा, फक्त जास्त सभ्य. नातवाला मोबाईलवर लावून द्यायला सांगा आणि अक्षर मोठं करा. पहिलं पान नका उघडू. पहिल्या खंडात जानेवारी १९४६ ची नोटबंदी शोधा, पाचशे, हजार आणि दहा हजाराच्या नोटा रद्द केल्या होत्या तेव्हा. गव्हर्नर कोण? चिंतामणराव देशमुख, रायगडकडचे, बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मग तिसऱ्या खंडात जानेवारी १९७८ ची, हजार, पाच हजार आणि दहा हजाराची. त्या वेळी तुम्ही किंवा तुमचे वडील प्रेसमध्ये असाल तर बाजूला वही ठेवा, खंडात काय लिहिलंय आणि शॉपफ्लोअरवर काय बोललं जात होतं ते लिहून काढा. हे मी उगीच सांगत नाहीये. बँकेने स्वतः लिहिलेल्या इतिहासात बँक फारशी चुकत नाही, चुकली तरी फार हळू आवाजात चुकते, त्यामुळे मशीनवरच्या माणसाची बाजू त्यात सापडायची नाही.

बाबासाहेबांचं ते पुस्तक महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेत सहाव्या खंडात आहे, शेजारीच प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथही आहे, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या साईटवर हे खंड फुकट मिळतात (परराष्ट्र मंत्रालय का, ते मला विचारू नका). सुरुवात जड आहे, आकडे फार आहेत, ते ओलांडा.

प्रश्न : समकालीन इतिहास म्हणजे कधीपासूनचा? परीक्षेत विचारतात. (कॉलेज रोड)

परीक्षेत १९४७ पासून लिहा, मार्क मिळतील.

खरं उत्तर हवं असेल तर, जर्मनीत हान्स रोथफेल्स नावाच्या इतिहासकाराने १९५३ ला म्युनिकच्या समकालीन इतिहासाच्या संस्थेच्या त्रैमासिकाच्या पहिल्याच अंकात व्याख्या केली होती की समकालीन इतिहास म्हणजे सोबत जगणाऱ्यांचा काळ. जो काळ जगलेली माणसं अजून बोलू शकतात तो. म्हणजे ही रेघ दर वर्षी पुढे सरकते. त्यात दुसरी अडचण सरकारी कागदांची, ब्रिटनमध्ये फायली तीस वर्षांनी उघडायच्या, आता वीस वर्षांवर आणलंय, म्हणजे माणसं बोलतायत पण कागद कुलपात, आणि कागद बाहेर येतात तोवर माणसं जातात. हे परीक्षेत लिहू नका.

प्रश्न : कॉन्ट्रॅक्टवर अर्थशास्त्र शिकवते. "इंटरनॅशनल बुक सिरीज"मध्ये चॅप्टर छापून देतो, आयएसबीएन सहित, असा मेसेज आला. पैसे भरायचे, आठ दिवसात सर्टिफिकेट. मैत्रिणींनी भरले. मी भरू का? (नाव छापू नका)

नाव छापत नाही, आणि पैसेही भरू नका बाई.

तुमची अडचण कळते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात प्राध्यापकांच्या नोकरी-बढतीसाठी संपादित पुस्तकातल्या प्रकरणाला ५ गुण, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १०, आंतरराष्ट्रीय असेल तर १२, या आकड्यांनी लोकांना वेडं केलंय. बाजार तिथंच बसलाय. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. आयएसबीएन हा गुणवत्तेचा शिक्का नाही, तो फक्त पुस्तकाचा नंबर आहे, तेरा आकडी, आणि भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून तो फुकट मिळतो. तुम्ही उद्या आजीच्या लोणच्यांचं पुस्तक काढलंत तरी मिळेल. दुसरं, खरी सिरीज असेल तर पुस्तकाच्या आयएसबीएनशिवाय मालिकेला स्वतःचा आठ आकडी आयएसएसएन बऱ्याचदा असतो, मासिकाला असतो तसा, कारण मालिका ही चालू राहणारी गोष्ट आहे. तोसुद्धा गुणवत्तेचा पुरावा नाही म्हणा, पण तो विचारला की समोरचा किती सेकंद गप्प राहतो त्यावरून बरंच कळतं.

मी स्वतः फसलोय, म्हणून जीव तोडून सांगतो. रिटायरमेंटच्या तीन वर्षं आधी असाच एक लेख दिला होता, नाव मोठं, मुखपृष्ठावर पृथ्वीचा गोल. पुस्तक घरी आलं तर माझ्या द्राक्ष बागायतदारांच्या कर्जावरच्या लेखाच्या आधी एकाचा योगासनांवर आणि नंतर एकाचा ग्रंथालयातल्या बारकोडवर लेख. संपादक म्हणून सहा नावं, एकानेही लेख वाचला नव्हता हे मला तेव्हा कळलं जेव्हा माझ्याच लेखात मी स्वतःसाठी टाकलेली "इथं आकडा तपासणे" ही ओळ जशीच्या तशी छापून आलेली दिसली. ते पुस्तक अजून माळ्यावर आहे, फेकवत नाही आणि दाखवतही नाही.

खऱ्या मालिकेत काय होतं तर तुमचा प्रस्ताव संपादकाकडे जातो, तो त्या विषयातल्या दोघा-तिघांना वाचायला देतो, ते तुम्हाला रडवतात, तुम्ही पुन्हा लिहिता, वर्ष-दीड वर्ष सहज जातं. आठ दिवसात फक्त लग्नपत्रिका छापून मिळते. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीने मान्य जर्नल्सची केअर नावाची यादीही बंद केली, आता तपासायची जबाबदारी कॉलेजांवर आणि आपल्यावरच आलीय. त्यामुळे एकच करा, त्या "सिरीज"मधलं आधीचं एक पुस्तक मागा. पाठवलं तर अनुक्रमणिका बघा. योगासनं आणि बारकोड शेजारी बसलेत का ते दिसेलच.

प्रश्न : निफाडला शेती आहे, कांदा आणि थोडी द्राक्षं. इंग्रजी वाचन जमत नाही. आमच्या भागाचा, शेतीच्या अर्थकारणाचा इतिहास मराठीत मिळेल का? का हे सगळं प्राध्यापक लोकांसाठीच?

दादा, टोमणा पोचला. बऱ्याच अंशी खराही आहे. मोठ्या मालिकांचं मराठी भाषांतर फार कमी झालंय आणि जे झालंय त्यातलं काही वाचण्यापेक्षा मूळ इंग्रजी सोपं जातं.

तरी पण. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने महात्मा फुले समग्र वाङ्मय १९६९ ला काढलं, मंडळाच्या साईटवर पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. त्यातला "शेतकऱ्याचा असूड" वाचा, तुम्हाला समजावून सांगायला मी कोण! फुल्यांनी तो १८८३ ला लिहून पूर्ण केला. आता योगायोग बघा, मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर (जिल्ह्यांच्या सरकारी माहितीग्रंथांच्या) मालिकेतला सोळावा खंड म्हणजे आपला नाशिक जिल्हा, तोही १८८३ चाच. एकाच वर्षी दोन पुस्तकं, एकात कलेक्टर कचेरीने पिकं, शेतसारा, सावकार, बाजार सगळं टेबलावर बसून मोजलेलं, दुसऱ्यात तोच सारा आणि तोच सावकार शेतकऱ्याच्या अंगावर कसा येतो ते. गॅझेटिअर इंग्रजीत आहे, पण त्यातले गावांचे, तालुक्यांचे आकडे घरातला दहावीचा पोरगाही वाचून दाखवेल. निफाडचं पान काढायला लावा त्याला. १९७५ ला सुधारित आवृत्ती निघाली, तीही शासनाच्या साईटवर आहे.

आणि १९८० चं शेतकरी संघटनेचं आंदोलन तुमच्या घरात कुणाला तरी आठवत असेलच, खेरवाडीला रेल्वे अडवली होती ते. त्याच्यावरही विद्वानांनी लिहिलंय बरं का. "लायब्ररी ऑफ पेझंट स्टडीज" नावाची एक इंग्रजी मालिका होती, तिच्यात नव्या शेतकरी चळवळींवर टॉम ब्रास यांनी संपादित केलेला खंड १९९५ ला आला. त्यात गेल ऑम्वेट शेतकरी संघटनेकडे आपुलकीने बघतात, आणि द. ना. धनागरे विचारतात की ही चळवळ नक्की कुठल्या शेतकऱ्याची, बागायतदाराची का कोरडवाहूवाल्याची? तुम्ही दोन्ही प्रकारची माणसं रोज लासलगावच्या मार्केटला बघता. मराठीत हा खंड आणायला कुणी प्रकाशक तयार असेल तर दोन प्रकरणांचं भाषांतर मी बिनपैशाने करून देतो, हे छापून ठेवतोय म्हणजे मागे फिरता येणार नाही.

प्रश्न : मालेगावात आमचे लूम आहेत, तिसरी पिढी. आमच्या धंद्यावर कुणी "सिरीज"मध्ये लिहिलंय का, का इतिहास फक्त मुंबईच्या गिरण्यांचाच असतो?

लिहिलंय, आणि चांगलं लिहिलंय. डग्लस हेन्स यांचं पश्चिम भारतातल्या छोट्या गावांच्या भांडवलशाहीवरचं पुस्तक २०१२ ला केंब्रिजच्या भारतीय इतिहास आणि समाज या मालिकेत आलं, काळ १८७० ते १९६०. शाळेत आपल्याला शिकवलं की गिरण्या आल्या आणि विणकर मेले, संपलं. हेन्स म्हणतो मेले नाहीत, त्यांनी साडीसारखा गिरण्यांना न परवडणारा माल धरला, घरातल्या मागाचे छोटे कारखाने केले, वीज आल्यावर गिरण्यांनी काढून टाकलेले जुने लूम सुद्धा आणून चालवले. मालेगाव, भिवंडी, सोलापूर, सुरत ही गावं त्यात येतात. मुंबईच्या गिरणी कामगारांवर राजनारायण चंदावरकरांचं १९९४ चं पुस्तक आहे, ते जास्त गाजलं, ते केंब्रिजच्याच दक्षिण आशिया मालिकेत. पण तुम्ही हेन्सपासूनच सुरू करा. आजोबांनी पहिला लूम कुठून आणला हे घरात विचारून मग वाचा, उलट क्रमाने नको.

प्रश्न : शालिमारजवळ जुन्या पुस्तकवाल्याकडे "ट्रान्सफर ऑफ पॉवर"चे नऊ खंड दिसले, मळके पण पानं शाबूत. एकदम घेतले तर किलोच्या भावाने देतो म्हणतो. घेऊ का?

मूळ बारा आहेत. ब्रिटिश सरकारनेच काढलेले, १९७० ते १९८३ या वर्षांत, १९४२ ते ४७ मधली त्यांचीच तारा-पत्रं-टिपणं, संपादक निकोलस मॅन्सर्ग. यात लंडन आणि व्हाइसरॉयची बाजू भरभरून आणि आपली बाजू त्यांच्या फायलीत जेवढी आली तेवढीच, म्हणून तर भारतात "टुवर्ड्स फ्रीडम" ही कागदपत्रांची मालिका हाती घेतली गेली. सलग वाचायची पुस्तकं नाहीत ही, एखाद्या तारखेला कोण काय म्हणत होतं ते काढून बघायची आहेत, त्यामुळे तीन कमी असले तरी बिघडत नाही. पहिला क्रिप्स मिशनचा, दुसरा १९४२ च्या एप्रिलअखेरपासून सप्टेंबरपर्यंतचा म्हणजे छोडो भारतचा, बारावा शेवटच्या पाच-सहा आठवड्यांचा. हे तीन त्या नऊमध्ये असतील तर रिक्षा करून घेऊन या. दुसरा नसेल तर भाव पाडा.